महजबीन बानो : मीना कुमारीचं घराणं, बालपण आणि सुटलेली शाळा

हिंदी चित्रपटसृष्टीत मीना कुमारी या नावाने गाजलेल्या अभिनेत्रीचं खरं नाव महजबीन बानो. जन्म १ ऑगस्ट १९३३, मुंबई. काही चरित्रांत १९३२ हे साल येतं, पण बहुतेक ठिकाणी १९३३ च धरलं जातं. इंतकाल ३१ मार्च १९७२, तोही मुंबईतच. दर वर्षी या दोन तारखा जवळ आल्या की मोबाईलवर तिचे फोटो, तिच्या नावाने शेर आणि खऱ्याखोट्या गोष्टी फिरायला लागतात. तिचं लग्न, तिचा तलाक, तिची दारू याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. ती कोणाच्या घरात जन्मली, लहानपणी काय करत होती, हे विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प होतात.

म्हणून हा लेख तिच्या मोठ्या चित्रपटांवर नाही. घराणं, आईवडील, बालपण आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंतची वर्षं एवढंच इथे घेतलं आहे. आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे तिच्या शाळेच्या प्रश्नावर आमचं घोडं थोडं जास्त अडतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

वडील अली बख्श

महजबीनचे वालिद अली बख्श हे पंजाबातल्या भेरा गावचे. हे गाव तेव्हा शाहपूर जिल्ह्यात होतं, आज ते पाकिस्तानात सरगोधा जिल्ह्यात आहे. अली बख्श हार्मोनियम वाजवत, संगीत शिकवत, उर्दूत शेर लिहीत आणि पारशी नाटकांत काम करत. थोडक्यात, हातात कला होती पण महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी नव्हती.

त्या काळी असे अनेक कलावंत मुंबईला येत होते, त्यामागे एक कारण होतं. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये 'आलम आरा' लागला आणि चित्रपट बोलायला लागले. मूकपटात चेहरा असला की भागत होतं. बोलपटाला साफ उर्दू बोलणारे, गाणारे, पेटी-तबला वाजवणारे, गाणी लिहिणारे लोक लागू लागले. हे लोक नाटक कंपन्यांत आणि गाण्याबजावण्याच्या घराण्यांत होते, आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. 'आलम आरा'ची नायिका जुबेदा ही सुद्धा मुसलमान घरातली. तिची आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक मानली जाते. तिने 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट १९२६ मध्येच काढला होता. आपल्या समाजातल्या बायका चित्रपटात उशिरा आल्या असं कोणी म्हणालं तर ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

अली बख्श मुंबईत आले ते याच लाटेत. दादरला त्या वेळी रणजीत, रूपतारा असे स्टुडिओ होते. रूपतारा स्टुडिओजवळच त्यांनी बिऱ्हाड केलं. लहानसहान भूमिका मिळाल्या, 'शाही लुटेरे' नावाच्या एका चित्रपटाला त्यांनी संगीतही दिलं. पण नाव काही झालं नाही. पुढे त्यांच्या मुलीच्या आयुष्यात जे जे घडलं, ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही. अली बख्श हे हौशी कलावंत नव्हते, ते हरलेले कलावंत होते, आणि घरात खाणारी तोंडं वाढत होती.

आई इकबाल बेगम, आणि टागोर घराण्याची गोष्ट

महजबीनची अम्मी इकबाल बेगम ही अली बख्श यांची दुसरी पत्नी. तिचं आधीचं नाव प्रभावती देवी. ती बंगाली ख्रिस्ती घरातली, रंगमंचावर नाचणारी आणि काम करणारी नटी होती. 'कामिनी' हे तिचं रंगमंचावरचं नाव. निकाहाच्या वेळी तिने इस्लाम स्वीकारला आणि ती इकबाल बेगम झाली.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. 'मीना कुमारी ही रवींद्रनाथ टागोरांची नात होती' असा मजकूर तुम्हालाही कधीतरी आला असेल. नात नव्हती. चरित्रांत जे सांगितलं जातं ते असं : प्रभावतीची आई हेमसुंदरी ही टागोरांच्या विस्तारित कुटुंबातल्या एकाची बालविधवा. विधवा झाल्यावर त्या घरात तिला थारा राहिला नाही, म्हणून ती मेरठला आली, परिचारिकेचं काम करू लागली, आणि तिने प्यारेलाल शाकिर मेरठी या ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न केलं. हे शाकिर मेरठी उर्दूतले लेखक-पत्रकार. त्या दोघांच्या मुलींपैकी एक प्रभावती.

म्हणजे नातं असलंच तर ते रक्ताचं नाही, सासरकडून आलेलं, आणि तेही दूरचं. शिवाय ही सगळी हकीकत कुटुंबात सांगत आलेली आहे, तिला कागदाचा भक्कम आधार नाही. लोकांना मात्र टागोर हे नाव जोडलं की बरं वाटतं. आम्हाला उलट त्या आजीचंच नवल वाटतं. मोठ्या घरातून बाहेर पडलेली विधवा परक्या शहरात नोकरी करून पोट भरते, दुसरं लग्न करते, तिच्या मुलीला रंगमंचावर काम करावं लागतं, आणि त्या मुलीच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर. तीन पिढ्या बायकाच कमावताहेत. टागोरांचं नाव काढून टाकलं तरी ही गोष्ट काही लहान होत नाही.

जन्म आणि यतीमखान्याचा किस्सा

महजबीन ही या जोडप्याची दुसरी मुलगी. थोरली खुर्शीद. महजबीननंतर आणखी एक मुलगी झाली, माहलिका. घरात तिला मधू म्हणत. ती पुढे विनोदी नट महमूद यांची पहिली पत्नी झाली.

महजबीनचा जन्म डॉक्टर गद्रे यांच्या प्रसूतिगृहात झाला. अली बख्श यांना मुलगा हवा होता. त्यातून डॉक्टरांची फी द्यायला हातात पैसे नव्हते. तिच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात पुढचा प्रसंग येतो. बापाने तान्ह्या मुलीला एका मुस्लिम यतीमखान्याच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि तो निघाला. काही तासांनी मन खाऊ लागलं म्हणून परत गेला आणि तिला उचलून घरी घेऊन आला. हा किस्सा सांगताना पुढे लोक त्यात भर घालत गेले. मुलीच्या अंगाला मुंग्या लागल्या होत्या, ती रडून रडून निळी पडली होती, वगैरे. त्यातलं किती खरं, किती नाटकी, हे आज ठरवण्यात अर्थ नाही. मुलगी झाली म्हणून त्या घरात आनंद झाला नव्हता, एवढं मात्र सगळेच सांगतात. आणि हे तिच्यापासून लपवलं गेलं नाही. ती मोठी झाली ती हा किस्सा ऐकतच.

इथे जरा नावांकडे बघा. उर्दू जाणणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येईल. खुर्शीद म्हणजे सूर्य. महजबीन म्हणजे जिचं कपाळ चंद्रासारखं आहे ती. माहलिका म्हणजे चंद्रमुखी. मुलगी झाली म्हणून नाराज झालेल्या बापाने तिन्ही मुलींना नावं दिली ती अशी, एक सूर्य आणि दोन चंद्र. तो शायर होता हे खरंच. माणूस एका रंगाचा नसतो, आणि अली बख्शबद्दल लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्याला एकाच रंगात रंगवलं आहे.

घरात तिला 'मुन्ना' म्हणत. मुलीला मुलग्याचं लाडनाव. आपल्याकडेही पुष्कळ घरांत मुलीला कौतुकाने 'बेटा' म्हणतात, त्याला काही कोणी हरकत घेत नाही. पण मुलगा हवा होता हे माहीत असलेल्या मुलीला ती हाक कशी वाटत असेल, असं आमच्या मनात येऊन जातं.

पंचवीस रुपये

महजबीन चित्रपटात गेली ती १९३९ च्या 'लेदरफेस' या चित्रपटातून. दिग्दर्शक होते प्रकाश पिक्चर्सचे विजय भट्ट, ज्यांचा पुढचा 'रामराज्य' गांधीजींनी पाहिला म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा महजबीन पाच-सहा वर्षांची होती. पहिल्या दिवसाच्या कामाचे पंचवीस रुपये मिळाले. ज्या घरात तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांची फी देता आली नव्हती, त्या घरात तिने एका दिवसात आणलेले पंचवीस रुपये ही काय चीज असेल याची कल्पना करा.

त्यानंतर काम थांबलं नाही. १९३९ चं 'अधुरी कहानी', १९४० चं 'पूजा', त्याच वर्षी 'एक ही भूल', १९४१ मध्ये 'नई रोशनी' आणि मेहबूब खान यांचा 'बहन', १९४२ चा 'गरीब', पुढे 'प्रतिज्ञा', 'लाल हवेली'. मुलं ज्या वयात दुसरी-तिसरीचे पाढे पाठ करतात त्या वयात तिच्यामागे चित्रपटांची ही एवढी यादी लागली होती. थोरली खुर्शीदही कामं करत होती, धाकटी मधू बेबी माधुरी या नावाने करत होती. तिघी बहिणी कमावणाऱ्या आणि वडील त्यांचा व्यवहार सांभाळणारे, असं ते घर होतं.

असं एकच घर होतं असंही नाही. मधुबाला, म्हणजे मुमताज जहाँ, हिचा जन्मही १९३३ चाच, दिल्लीचा. तिचे वालिद अताउल्ला खान यांची नोकरी गेली आणि ते कुटुंब मुंबईला आलं. १९४२ च्या 'बसंत'मध्ये नऊ वर्षांची मुमताज पडद्यावर दिसते. नर्गिस, म्हणजे फातिमा रशीद, तिची आई जद्दनबाई हिच्या १९३५ च्या 'तलाश-ए-हक'मध्ये लहानपणी झळकली, आणि चौदाव्या वर्षी मेहबूब खान यांच्या 'तकदीर'ची नायिका झाली. नर्गिसची परिस्थिती वेगळी होती. आई स्वतः चित्रपट काढणारी, संगीत देणारी, दरारा असलेली बाई. शिवाय नर्गिस शाळेत गेली होती. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. महजबीनला 'मला हे व्हायचं आहे' असं म्हणायला वावच मिळाला नाही.

मीना हे नाव कुठून आलं

'एक ही भूल'च्या वेळी विजय भट्ट यांनी महजबीनचं नाव बदलून बेबी मीना केलं. पुढे १९४६ च्या 'बच्चों का खेल'मध्ये ती नायिका म्हणून आली, तेव्हा पडद्यावर मीना कुमारी हे नाव आलं.

मुसलमान कलावंतांना हिंदू नावं घ्यावी लागली, असं आपल्याकडे एका दमात म्हटलं जातं. यूसुफ खानचा दिलीप कुमार झाला, मुमताजची मधुबाला झाली, महजबीनची मीना झाली, हे खरं आहे. पण नर्गिस, सुरैया ही नावं त्याच काळात तशीच चालली आणि भरपूर चालली. वहिदा रहमान १९५६ च्या 'सीआयडी'साठी मुंबईला आली तेव्हा तिला नाव बदलायला सांगितलं गेलं, तिने नाही म्हटलं, आणि नाव राहिलं. म्हणजे सरसकट नियम नव्हता. बाजाराचा अंदाज होता, आणि समोरच्याला नाही म्हणण्याची ताकद आहे का, यावरही बरंच अवलंबून होतं. सहा-सात वर्षांच्या मुलीला कोण विचारणार?

शाळा

तिला शाळेत घातलंच नाही असं नाही. नाव घातलं गेलं होतं. पण शूटिंग आलं की शाळा राहायची, आणि शूटिंग सतत येत राहिलं. शेवटी शाळा सुटली ती सुटलीच. नंतर घरी शिकवणी झाली, पण खरं शिक्षण तिने स्वतःच केलं. उर्दू वाचायला लागली आणि मग वाचतच राहिली. सेटवर दोन शॉटच्या मध्ये ही मुलगी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची, अशा आठवणी तिच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितल्या आहेत. मोठी झाल्यावर ती स्वतःही बोलली होती. पहिल्या दिवशी कामाला निघाले तेव्हा वाटलं होतं की थोडे दिवस स्टुडिओत जायचं, मग शाळा, खेळ, इतर मुलांसारखं सगळं, अशा अर्थाचं.

'थोडे दिवस' हे शब्द आमच्या फार ओळखीचे आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक हुशार मुलगी सहावीत असताना अचानक यायची बंद झाली. घरी गेलो तर अम्मी म्हणाली, "टीचर, दोन महिनेच. तिच्या खालाकडे काम आहे, पोरगी हाताशी लागते. परत येईल की." आम्ही समजावलं, दोन महिने थांबलो, पुन्हा गेलो. ते घर रिकामं होतं, कुटुंब दुसऱ्या गावी गेलं होतं. हजेरीपत्रकावर त्या मुलीच्या नावापुढे कितीतरी दिवस गैरहजेरीच्याच खुणा होत गेल्या. त्या अम्मीला मुलीचं वाईट व्हावं असं वाटत होतं का? मुळीच नाही. अली बख्शलाही वाटत नसणार.

कायद्याचं म्हणाल तर महजबीन जन्मली त्याच १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध एक कायदा झाला होता. १९३८ मध्ये मुलांच्या नोकरीबद्दल दुसरा कायदा आला. पण त्यात रेल्वे, बंदरं आणि विडी, काडेपेट्या, गालिचे अशा धंद्यांचा विचार होता. फिल्म स्टुडिओ त्यात कुठेच नव्हता. मूल कॅमेऱ्यासमोर किती तास उभं राहतं, रात्री किती वाजता घरी जातं, पैसे कोणाच्या खिशात जातात, हे विचारणारं कोणी नव्हतं.

आज आहे. ज्यांची मुलं मालिकांत, जाहिरातींत कामं करतात किंवा करायची म्हणतात त्या पालकांनी हे माहीत करून घ्यावं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नवे नियम आले. त्याप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. मुलाची शाळा बुडणार नाही याची व्यवस्था करायची असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. महजबीनच्या पंचवीस रुपयांतले पाच रुपये तिच्या नावाने कोणी ठेवले असते तर, असा हिशेब मनात येतोच. घरच्या घरी मोबाईलवर मुलांचे व्हिडिओ करून कमावणाऱ्या आईबापांना मात्र हे नियम आपल्याला लागू आहेत असं वाटतच नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.

वांद्रे, आईचा इंतकाल आणि पौराणिक चित्रपट

१९४६ च्या सुमारास हे कुटुंब दादरहून वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या घरात आलं. मुलींच्या कमाईचं घर. ते सुख अम्मीला फार दिवस लाभलं नाही. मार्च १९४७ मध्ये इकबाल बेगम वारली. महजबीन तेव्हा तेरा वर्षांची होती. याच वर्षांत ती 'दुनिया एक सराय', 'पिया घर आजा' अशा चित्रपटांत कामही करत होती आणि गातही होती. आई गेल्यावर घरात वडिलांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द उरला नाही.

पुढची तीन-चार वर्षं तिने पौराणिक आणि जादूच्या कथांवर काढली. १९४९ चा 'वीर घटोत्कच', १९५० चा 'श्री गणेश महिमा', १९५१ चा 'हनुमान पाताल विजय', १९५२ चा 'अलादीन और जादुई चिराग'. हे होमी वाडिया यांच्या बसंत पिक्चर्सचे चित्रपट. पारशी निर्माता, हिंदू पुराणातली कथा, नायिका अली बख्शची मुलगी, आणि त्याच कंपनीत पुढच्या वर्षी अलादीन. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. हे चित्रपट मोठ्या समीक्षकांच्या खिजगणतीत नव्हते, पण वांद्र्याचं ते घर त्यांच्यावर चाललं.

महाबळेश्वरचा रस्ता

मे १९५१ मध्ये महाबळेश्वरहून मुंबईला परतताना तिच्या गाडीला अपघात झाला. तिला पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल केलं गेलं. डाव्या हाताची करंगळी कायमची जायबंदी झाली. पुढे वीस वर्षं ती पडद्यावर डावा हात दुपट्ट्यात, पदरात किंवा पाठीमागे लपवत आली. तिचे जुने चित्रपट पुन्हा पाहताना तिकडे लक्ष ठेवलं तर दिसेल. आपण जिला नजाकत म्हणतो, त्यातली थोडी तरी त्या करंगळीमुळे आली आहे.

दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्याशी तिची ओळख या अपघाताच्या थोडी आधी झाली होती. ते ससूनमध्ये तिला भेटायला येऊ लागले. 'महल'मुळे त्यांचं मोठं नाव झालेलं, वय तेहतीस, घरी बायको आणि तीन मुलं. महजबीन अठराच्या उंबरठ्यावर. मुंबईला आल्यावर हाताच्या उपचारासाठी वडील तिला आणि मधूला रोज संध्याकाळी एका दवाखान्यात सोडत आणि दोन तासांनी घ्यायला येत. १४ फेब्रुवारी १९५२ ला त्या दोन तासांत निकाह झाला. काझी आले, साक्षीदार आले, सोबत धाकटी बहीण होती. मग दोघी बहिणी वेळेवर परत आल्या, आणि वडील त्यांना घरी घेऊन गेले.

मुलगी वडिलांना न सांगता निकाह करते याचं समर्थन करायचं आमच्या मनात नाही. आपल्याकडे वलीचा मान काय आहे हे वाचकांना सांगायला नको. पण ज्याने वली व्हायचं तोच मुलीच्या कमाईचा कारभारी झालेला असेल, तर ती मुलगी लग्नाची गोष्ट कोणाकडे काढणार, याचाही विचार व्हायला हवा. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी तलाक घ्यायला लावण्याचा आग्रह धरला. ती ऐकेना. पण घरही सोडलं नाही. निकाहानंतर जवळजवळ दीड वर्ष ती वडिलांच्याच घरात राहून काम करत होती.

'बैजू बावरा'

त्याच १९५२ मध्ये, ऑक्टोबरमध्ये, 'बैजू बावरा' लागला. दिग्दर्शक पुन्हा विजय भट्ट. ज्यांनी तिला पाच-सहा वर्षांची असताना पहिलं काम दिलं, नाव बदलून मीना केलं, त्यांनीच तिला गौरी ही भूमिका दिली. नौशाद यांचं संगीत, भारत भूषण नायक. चित्रपट प्रचंड चालला. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान मीना कुमारीला 'बैजू बावरा'साठी मिळाला. पुढे 'परिणीता', 'साहिब बीबी और गुलाम' आणि 'काजल' यांसाठी आणखी तीनदा. १९६३ मध्ये तर त्या पुरस्काराची तिन्ही नामांकनं तिचीच होती.

पहिला पुरस्कार हातात येण्याआधीच वडिलांचं घर मात्र सुटलं होतं. ऑगस्ट १९५३ मधली गोष्ट. वडिलांनी तिला मेहबूब खान यांच्या 'अमर'मध्ये घातलं होतं. तिला कमाल अमरोहींचा 'दायरा' करायचा होता. 'अमर'चं काम तिने काही दिवसांतच सोडलं. वडील म्हणाले, 'दायरा'च्या शूटिंगला गेलीस तर या घराचं दार तुला बंद. १४ ऑगस्टला ती बॉम्बे टॉकीजमध्ये 'दायरा'च्या शूटिंगला गेली. रात्री परतली तेव्हा दार उघडलं नाही. तिने गाडी वळवली आणि शीवला कमाल अमरोहींच्या घरी गेली. ज्या घराचं भाडं, धान्य, दागिने आणि मोटार तिच्या कमाईवर चालत होते त्या घराबाहेर ती उभी होती, आणि अजून वयाची वीस-एकवीस वर्षं झाली होती.

त्या घरातही पुढे तिला मोकळेपण मिळालं नाही. १९६४ मध्ये ती तिथूनही बाहेर पडली. दोघांनी मिळून सुरू केलेला 'पाकीजा' रखडत रखडत शेवटी ४ फेब्रुवारी १९७२ ला लागला, आणि त्यानंतर दोन महिनेही ती जगली नाही. माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात तिला दफन केलं. १९९३ मध्ये कमाल अमरोहींनाही तिच्या शेजारीच जागा मिळाली.

वडिलांकडून तिला एक गोष्ट मात्र मिळाली होती, शेर लिहिण्याची. 'नाज' हे तिचं तखल्लुस. तिने रात्री-बेरात्री वह्यांत लिहिलेल्या नज्मा आणि गझला फार थोड्या लोकांना ठाऊक होत्या. १९७१ मध्ये खय्याम यांच्या संगीतात तिच्या स्वतःच्या आवाजात त्यांतल्या काहींची ध्वनिमुद्रिका निघाली. शाळा सुटलेल्या त्या मुलीचे उर्दू उच्चार ऐकायचे असतील तर ती ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकावी. शीन-काफ असे दुरुस्त की आम्ही वर्गात वाचन घेताना तिचं उदाहरण देतो. वह्या तिने जाताना गुलजार यांच्या नावे केल्या. त्यांनी त्यातून निवडलेल्या कवितांचं पुस्तक तिच्या मृत्यूनंतर आलं. ज्या मुलीच्या नावातच 'माह' होता, तिच्या त्या पुस्तकाचं नाव 'तनहा चाँद'.